शिरीषाचं बी आणि माझं चुकलेलं उत्तर



बी रुजायला काय लागतं? पाणी, हवा आणि ऊब. आपण सगळे असंच शिकवतो. मटकी भिजवून फडक्यात बांधली की मोड येतात. मुलं खूश, आपणही खूश.

माझ्या वर्गातल्या मुलांनी मात्र शाळेजवळच्या शिरीषाच्या शेंगा आणल्या. पानं गळल्यावरही झाडावर खुळखुळत राहणाऱ्या या चपट्या, पिवळट शेंगा तुम्हीही पाहिल्या असतील. मुलांनी बिया ओल्या कापसावर ठेवल्या. आठ दिवस झाले तरी बिया होत्या तशाच. एका मुलीने विचारलं, "बाई, पुस्तक चुकलं का?"

मी पटकन म्हणाले, "तुझं बी किडकं असेल."

तिने बी मुकाट्याने कचऱ्यात टाकलं. खरं तर मलाच माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली.

घरी चैन पडेना, म्हणून वाचून काढलं. शिरीषाचं फूल नाजूकपणासाठी संस्कृत काव्यात प्रसिद्ध, पण बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. उन्हाळ्यात एखाद्या वळवाच्या सरीने सगळ्या बिया रुजल्या, तर पुढच्या उन्हात सगळेच कोंब करपतील. कवच हळूहळू झिजतं, म्हणून काही बिया लवकर रुजतात, काही कितीतरी उशिरा. म्हणजे पुस्तक बरोबर होतं. पाणी आपण दिलं होतं, बीपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "काल माझं उत्तर चुकलं. तिचं बी चांगलं होतं." मग पुन्हा सुरुवात केली.

तुम्हीही करून बघा. भोक पडलेल्या बिया बाजूला काढा. पाणी उकळून खाली उतरवा, थोडं निवलं की बिया त्यात टाका आणि रात्रभर ठेवा. (गरम पाण्याचं काम मोठ्यांनीच करायचं हं!) सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या. न फुगलेल्या बिया काचपेपरवर एका कडेला हलकेच घासून पुन्हा भिजवायच्या. दुधाच्या पिशवीला खाली भोकं पाडा, माती, वाळू आणि शेणखत भरा, बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरा. पाणी बेतानं द्या. मूळ खोल जातं, म्हणून पावसाळा सुरू झाला की रोप जमिनीत लावा.

आमच्या बिया दहा-बारा दिवसांत वर आल्या. मे महिन्याच्या सुट्टीत एक रोप त्याच मुलीने घरी नेलं. जूनमध्ये परत आणलं ते नवा प्रश्न घेऊनच, "बाई, संध्याकाळी याची पानं मिटतात. सकाळी त्यांना कोण उठवतं?"

या वेळी मी म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. चल, शोधू या."

ती हसली. मला तर सुटल्यासारखं वाटलं.