येझदीचा प्लग आणि माझा 'कच्चा' विद्यार्थी



भिवंडीत आमच्या घरी बाबांची जुनी येझदी आहे. ओळखायची खूण सांगतो: सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर एकाच दांड्यावर! म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून जावा बनायची, पुढे तिचीच येझदी झाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

मागच्या महिन्यात ही गाडी शाळेच्या फाटकातच बंद पडली. किक मारून मारून मी घामाघूम! चौथीतला एक मुलगा जवळ आला. वाचनात मी त्याला 'कच्चा' ठरवलेलं. वडील गॅरेजमध्ये कामाला.

"सर, पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय. आता प्लग बघा."

प्लग खरंच काळा, तेलकट! टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. ऑइल जास्त झालं की प्लगवर काजळी धरते, ठिणगी पडत नाही. प्लग घासून, पुसून बसवला. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

एकेक कारण तपासून बाजूला करायचं, हेच तर विज्ञान. ते त्याला येत होतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला प्लगची गोष्ट सांगितली. त्याचीच वाक्यं मी फळ्यावर लिहिली आणि त्यालाच वाचायला लावली. अडखळला, पण शेवटपर्यंत वाचली.

तुमच्या वर्गातल्या 'कच्च्या' मुलाला काय येतं, हे एकदा विचारून बघा.