पकडला, सोडला, पुढे काय?

बनशंकरीत पोस्टिंग आल्यापासून अधूनमधून ऐकतो: बन्नेरघट्ट्याकडून बिबट्या आला, पकडा आणि लांब नेऊन सोडा. मला आपलं जुन्नर आठवतं.

तिथे २००१ पासून हेच केलं गेलं. पिंजऱ्यात धरलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परतायला बघतं. रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येतो. त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही असं स्थलांतर टाळायला सांगितलं.

फौजेत कारवाई झाली म्हणजे काम फत्ते, असं नसतं. हेतू साधला का, ते तपासतात. इथे हेतू उसाच्या बांधावरून घरी येणारं पोर सुखरूप राहावं, हा आहे. पिंजऱ्यातले बिबटे मोजून ते कळत नाही. बंदिस्त गोठे, रात्रीचा उजेड, जनजागृती या उपायांनाही हीच कसोटी लावा. आधी मोजा, नंतर मोजा, मग बोला.

जय हिंद.