दुसरा डाव

हंड्यात कंबरेपर्यंत बसलेला एक माणूस, हातात लांब दांड्याचा घण आणि समोर डोंगर. माउस फिरवायचा, घण कुठेतरी अडकवायचा, अंग वर खेचायचं. जरा हात चुकला की तासाभराची चढण वाया. बेनेट फॉडी यांचा 'गेटिंग ओव्हर इट' २०१७ साली आला आणि लोक शिव्या घालत तो खेळत राहिले. पण घणाने चढायची ही कल्पना मुळात फॉडींची नाही. गेम चालू असताना तेच स्वतःच्या आवाजात ते सांगतात. ती 'सेक्सी हायकिंग' या २००२ सालच्या गेममधली, जॅझुओ या नावाने गेम करणाऱ्या एका चेक माणसाची.

जॅझुओचा गेम दिसायला अगदीच ओबडधोबड. कोणीही दोन मिनिटांत बंद करावा असा. त्यात एक झाड आहे आणि ते सहजासहजी ओलांडता येत नाही. इतरांना हा गेमचा दोष वाटला असता; फॉडींना त्यात नियम दिसला. त्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीही पहिलं एक वठलेलं झाडच आहे.

गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबूला घेतात, पण त्याला आऊट धरत नाहीत आणि त्याच्या धावाही मोजत नाहीत. लहान प्रायोगिक गेमचं कौतुक बहुधा याच जातीचं असतं. 'छान प्रयत्न' म्हणायचं आणि पुढे जायचं. फॉडींनी जॅझुओच्या गेमला दिली तशी दुसरी संधी म्हणजे ही माया नव्हे. तो गेम त्याच्याच नियमाने कडक तपासायचा, आऊट असेल तर आऊट द्यायचा.

मी पोटासाठी मोबाइलचे गेम करतो. तिथे काल आलेल्यांपैकी आज किती परतले याचा आकडा रोज सकाळी बघावा लागतो. खेळणाऱ्याचं बोट क्षणभरही रिकामं राहू द्यायचं नाही, हा आमचा धर्म. त्यामुळे लहान गेम हातात आला की माझा हात सवयीने उडी शोधतो, नाणी शोधतो. पहिला डाव असा सवयीतच जातो. म्हणून दुसऱ्या वेळी मी सुरुवातीला काहीच दाबत नाही. गेम आपला आपण काय करतो ते बघतो. मग मुद्दाम नको तिकडे जातो, हरतो, भिंतीला डोकं आपटतो.

जेसन रोरर यांचा 'पॅसेज' (२००७) असाच खेळावा लागतो. त्याचं चित्र रुंदीला १०० ठिपके आणि उंचीला फक्त १६, म्हणजे एक चिंचोळी पट्टीच. माणूस डावीकडून उजवीकडे चालतो, म्हातारा होतो, पाच मिनिटांत मरतो. सुरुवातीला एक बाई भेटते. तिच्याजवळ गेलात तर ती जन्माची सोबतीण होते. पुढे जाण्याचे गुण दुप्पट मिळतात, पण दोघं मिळून अरुंद फटीतून जाता येत नाही, आणि खजिन्याच्या काही पेट्या त्या फटींपलीकडे. हे कोणी सांगत नाही. पेटी समोर दिसते, वाट असते आणि आपण मावत नाही, तेव्हा कळतं. पुढे ती मरते आणि माणसाची चाल मंदावते. एक शब्दही न लिहिता, फक्त वेगाचा आकडा कमी करून दाखवलेलं हे दुःख मला भल्याभल्या गेमच्या करुण दृश्यांपेक्षा मोठं वाटतं.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली पहिले चौदा गेम घेतले, त्यात 'पॅसेज' होता, आणि अ‍ॅडम सॉल्ट्समन यांचा एका बटणाचा 'कॅनाबाल्ट'ही. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि हजारो गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. 'फ्लॅशपॉइंट' हा संग्रह आणि 'रफल' हे फ्लॅश चालवणारं सॉफ्टवेअर यांच्यामागच्या हौशी मंडळींनी त्यातले पुष्कळ पुन्हा चालते केले. दार उघडून दिलं त्यांनी. आत जाऊन खेळायचं आपण.

लहान गेमची बाजू मांडताना 'टॉवर ऑफ गू'चा 'वर्ल्ड ऑफ गू' कसा झाला, चार दिवसांत केलेला 'सेलेस्ट' पुढे केवढा वाढला, या गोष्टी सांगितल्या जातात. खऱ्या आहेत, पण मला त्यांचा जरा कंटाळा येतो. लहान गेम म्हणजे मोठा होण्यासाठी रांगेत उभा असलेला उमेदवार, असा त्यांचा सूर असतो. 'पॅसेज' पाच तासांचा केला तर काय उरेल?

माझ्याही जुन्या फोल्डरांत गेम-जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम करण्याच्या उपक्रमांत, घाईने केलेले गेम पडून आहेत. एखादा उघडला की चित्रं सुधारायचा मोह आवरतो आणि एखादा आकडाच बदलून बघतो: गुरुत्वाकर्षण, किंवा काठ सुटल्यावरही दोन-चार फ्रेम उडी घेऊ देणारी ती सूट. कधी तेवढ्यानेच गेम श्वास घेतो. बहुतेक वेळा घेत नाही, आणि मग तो मी निवांत पुसून टाकतो.

गेम करणाऱ्यांना एकच विनंती: अर्धवट असला तरी सोर्स कोड सोबत ठेवा. रोरर यांनी 'पॅसेज'चा ठेवला आहे, कोणीही घ्यावा असा. आणि खेळणाऱ्यांनो, तो दोनदा खेळा, एकदा तिच्यासोबत आणि एकदा एकट्याने. दहा मिनिटांत दोन्ही होतं.