करवतीचा ऐब

भंगाराच्या दुकानात वजनकाट्याशेजारी एखादी जुनी चेनसॉ पडलेली दिसली की माझी गाडी आपोआप थांबते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तिला कुणी चेनसॉ म्हणत नाही, झाड कापायची मशीन म्हणतात. गेल्या काही वर्षांत अशा अकरा मशीन मी घरी आणल्या. सात दुरुस्त करून विकल्या, चार अजून पडवीत आहेत. हौस मोठी आणि खिसा लहान, म्हणून एक नियम ठेवला होता. मशीन आणि सुटे भाग मिळून दोन हजारांच्या वर जायचं नाही. या नियमाने मला पुष्कळ शिकवलं आणि एकदा मान खाली घालायला लावली.

हा नाद अब्बांकडून आला असावा. ते लाकडाच्या वखारीत आरा ओढायचे. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली, दिवसभर भुसा डोळ्यांत. आरा बिघडला असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बोथट झाला की कानस घेऊन बसायचे, एवढंच.

इकडे हळद मोठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती काढली की शिजवायला कुकर लागतात आणि कुकरखाली जाळायला लाकूड. त्या दिवसांत सगळ्या मशीन बाहेर निघतात. पाऊस लागला की टाकीत पेट्रोल तसंच ठेवून कोपऱ्यात जातात. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, पेट्रोलची नळी तडकते. पुढच्या हंगामात दोरी ओढून खांदा दुखला तरी मशीन चालू होत नाही. मालक म्हणतो, इंजिन गेलं. भंगारवाला किलोवर घेतो.

इंजिन गेलं की नाही, हे पैसे देण्याआधीच कळतं. स्टार्टरच्या दोरीला धरून मशीन उचलायची. धपकन खाली आली तर कॉम्प्रेशन नाही. अडखळत, थांबत उतरली तर आत जीव आहे. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून पिस्टनकडे बघायचं. त्यावर उभे ओरखडे असतील तर कुणीतरी ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवली आहे. ती सोडून द्यायची. एक लिटर पेट्रोलला साध्या ऑइलचे चाळीस मिली, चांगल्या ऑइलचे वीस. लुना चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, नव्या पोरांना सांगावं लागतं.

पिस्टन चांगला असला तर काम स्वस्तात होतं. कार्बोरेटरचं किट, नळी, फिल्टर, प्लग. साखळीला गोल कानस, प्रत्येक दाताला सारख्याच हाताने आणि सारख्याच तिरकसपणे. क्लच खोलताना लक्षात ठेवायचं की त्याचे आटे उलटे असतात. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं, दोन तास मी तो सोडवायच्या नादात आवळत होतो.

पाचवी मशीन सातशेला मिळाली. इंजिन उत्तम, पण पुढच्या मुठीसमोरचं हाताचं कवच तुटलेलं आणि आतला ब्रेकचा पट्टा कुणीतरी काढून टाकलेला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उलटी उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. तेव्हा मनगट त्या कवचावर आदळतं, स्प्रिंग सुटते, पोलादी पट्टा क्लचच्या ड्रमला आवळतो आणि साखळी पापणी लवायच्या आत थांबते. 1970 च्या दशकात हा ब्रेक आला, त्याआधी माणसं नशिबावर काम करत होती. हे सगळं मला माहीत होतं. ब्रेकचे भाग नऊशेचे होते आणि माझा खर्च अठराशेवर गेलेला. मी ते बसवले नाहीत.

कळमनुरीकडचा एक पोरगा ती घेऊन गेला. "मशीन एक नंबर आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पहिल्या ओढीत चालू होत होती.

तीन आठवड्यांनी बातमी आली. बाभळीच्या फांद्या छाटताना मशीन उसळली. डाव्या हाताला मनगटाच्या वर चौदा टाके. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उसकू ऐब बताया था क्या?"

ऐब म्हणजे खोट. मालातला ऐब न सांगता विकणं नाजायज, हे आमच्याकडे पोरांना मकतबमध्येच कळतं. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची गोष्ट मी स्वतः मुलांना सांगितली आहे. माझा ओला दाणा त्या तुटलेल्या कवचाखाली होता.

भेटायला गेलो. दवाखान्याचे पैसे पुढे केले तर तो म्हणाला, "भाई, ब्रेक कुणाच्या मशीनला असतो?" त्याला मशीन परत द्यायची नव्हती, हंगाम तोंडावर होता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मशीन मागून घेतली, ब्रेक बसवला, त्याच्यासमोर चालवून कवच पुढे ढकललं. साखळी जागच्या जागी थांबली. त्याने दोनदा स्वतः करून बघितलं. दवाखान्याचे अर्धे पैसे त्याने कसेबसे घेतले.

दोन हजारांचा नियम आता फक्त इंजिनाला आहे. ब्रेक, मागचा हँडगार्ड, साखळी अडकवणारा खालचा हूक यांचा हिशोब त्यात धरत नाही. विकताना मशीनला कागद बांधतो. काय बदललं, काय जुनंच आहे, काय कधीही जाऊ शकतं. कागद वाचून दोघं परत गेले, किंमत पडली. पडवीतल्या चारपैकी एकीचा ब्रेक वर्षभर मिळत नाहीये. तिच्यावर खडूने लिहून ठेवलं आहे, 'ब्रेक नाही'.

मागच्या हळदीत एकजण तिच्यासाठी अडून बसला. मी नाही म्हणालो. "दुसरीकडे मिळेल," म्हणत तो निघून गेला. मिळालीही असेल.