लोड टाकून बघा
घरचा जुना डिझेल जनरेटर कुरकुरायला लागला की दोष बहुतेकदा त्याच्या वयावर जातो. मिस्त्री रिंगा गेल्या, लायनर गेला म्हणतो आणि इंजिन खोलायचा खर्च सांगतो. मला हे निदान घाईचं वाटतं. १५०० आरपीएमवर फिरणारं जाडजूड एका सिलिंडरचं इंजिन घरगुती वापरात सहसा झिजून मरत नाही. ते पडून राहिल्याने बिघडतं आणि चाललं तरी पुरेसं काम न मिळाल्याने बिघडतं. याचा पुरावा सायलेन्सरच्या जोडापाशी सापडतो. तिथे काळा तेलकट ओघळ दिसला की सगळे म्हणतात, ऑइल खातंय. पण ऑइल जळत असेल तर धूर निळसर येतो आणि डिपस्टिकवरची पातळी उतरत जाते. पातळी जागच्या जागी आणि धूर पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा असेल, तर ते न जळलेलं डिझेल. ५ केव्हीएच्या सेटमधून ०.८ पॉवर फॅक्टर धरून ४ किलोवॅट मिळतात. वीज गेल्यावर आपण त्यावर चार पंखे, दिवे आणि टीव्ही लावतो, म्हणजे जेमतेम ५०० वॅट. एवढ्यावर सिलिंडर नीट तापत नाही, नोझलवर काजळी बसते, रिंगा खाचांत चिकटतात. मग कॉम्प्रेशन उतरतं आणि मिस्त्रीचं म्हणणं अखेर खरं ठरतं!

म्हणून पाना हातात घेण्याआधी लोड टाकून बघावं. (त्याआधी चेंजओव्हर स्विच तपासावा; जनरेटरची वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावरच्या वायरमनचा जीव जाईल.) इंजिन पाचेक मिनिटं गरम होऊ द्यावं, मग २ किलोवॅटचा गिझर आणि त्यावर इस्त्री. मल्टिमीटरवर फ्रीक्वेन्सी बघावी: रिकामं असताना ५२ हर्ट्झच्या आसपास, लोडवर ५०च्या जवळ. ती ४६-४७ पर्यंत कोसळली आणि धूर काळा झाला, तर आधी एअर फिल्टर, मग नोझल. धूर न वाढता इंजिन दम टाकत असेल, तर डिझेलच पोचत नाही. फिल्टर चोंदलाय किंवा लाइनने हवा धरलीय. एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावं. इंजिन ठणठणीत पण व्होल्टेज शून्य, हाही अनेकदा पडून राहण्याचाच परिणाम असतो: अल्टरनेटरमध्ये उरलेलं चुंबकत्व ओसरतं, आणि १२ व्होल्टची बॅटरी ध्रुव जुळवून क्षणभर फील्डला लावली की परत येतं. मात्र हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

महिन्याला अर्धा तास असा लोड द्यायचा म्हणजे डिझेलची नासाडी, असं कुणी म्हणेल. खर्च अर्धा-पाऊण लिटरचा, आणि गिझरचं पाणी आंघोळीला येतंच. ‘चालतंय त्याला हात कशाला लावायचा’ हा युक्तिवाद अधिक लोकप्रिय आहे, पण बंद इंजिनही जसंच्या तसं राहत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, पाणी तळाला साचतं, डिझेल आणि पाणी मिळतात तिथे बुळबुळीत गाळ धरतो आणि तो थेट फिल्टरकडे निघतो. टाकी भरलेली ठेवणं आणि तळाचा प्लग अधूनमधून सोडणं याला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप मला पटतो: एवढं करण्यापेक्षा इन्व्हर्टर का नको? फक्त पंखे आणि दिवेच चालवायचे असतील, तर इन्व्हर्टरच घ्यावा आणि जनरेटर विकून टाकावा. विहिरीवर दीड-दोन हॉर्सपॉवरचा पंप असेल आणि वादळानंतर वीज दोन-दोन दिवस येत नसेल, तर तो ठेवावा, आणि पंप दर महिन्याला त्याच्यावरच चालवावा.