वाट्याला आलेली भाजी

वैजापुरात सगळीच भाजी विकत घ्यावी लागत नाही. थोडी आपोआप येते. शेजारच्या काकूंचा भाचा शिऊरकडून मोटारसायकलवर येतो, हँडलला पिशवी लटकलेली असते, तीत मेथीच्या चार जुड्या, थोडी वांगी, थंडी असली तर हरभऱ्याचे डहाळे. काकू त्यातलं निम्मं आमच्या ओट्यावर ठेवून जातात. हा वानोळा. त्याचा भाव विचारायचा नसतो, आणि पिशवी रिकामी परत करायची नसते. चार लिंबं का होईना, आत घालूनच ती माघारी जाते. या देवघेवीत कुणी कधी वही ठेवलेली नाही, पण कुणाकडून काय आलं आणि त्याच्याकडे काय गेलं, हे घरातल्या बायकांना वर्षानुवर्षं पाठ असतं.

वानोळ्यावर चूल मात्र चालत नाही. त्यासाठी आठवडी बाजार आहे, आणि बाजारात आपण एकदम वेगळी माणसं होतो. भेंडीचं टोक मोडून बघतो. दुधीला नख लावतो. मेथीची जुडी सोडवून आत पिवळं पान तर नाही ना ते पाहतो आणि न घेताच खाली टाकतो. वांगं हातात फिरवून त्याच्या देठापाशी छिद्र शोधतो. मला आईनं हे सगळं शिकवलं, तिला तिच्या आईनं. निवडून भाजी आणणं हे आमच्याकडे हुशारीचं लक्षण मानलं जातं, आणि जो पोरगा निवडल्याशिवाय भाजी आणतो त्याला घरी आल्यावर दोन शब्द ऐकावे लागतात.

आपण निवडून बाजूला सारलेल्या भाजीचं पुढं काय होतं, हे मी बरीच वर्षं मनावर घेतलं नव्हतं. दिवस कलला की पालावर उरलेला ढीग पाहावा. सकाळपासून शेकडो नखं लागलेली ती भाजी. तिचा भाव उतरतो आणि नेमक्या त्या वेळेला येणारी शहाणी गिऱ्हाइकंही असतात. विकणारी बाई मुक्कामाच्या बसची वेळ बघत असते, कारण कोथिंबीर परत नेऊन तिला काय करायचंय? निवडण्याचा जो हक्क आपल्याला फुकट मिळालाय असं वाटतं, त्याचे पैसे ती भरते.

हा विचार डोक्यात शिरला तो ठाण्यात, माझ्या मावसबहिणीकडे. ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघाची सभासद आहे. ग्राहक चळवळीचं हे रोप बिंदुमाधव जोशींनी पुण्यात लावलं, आणि मुंबईत 1975 च्या गुढीपाडव्याला पंचायत सुरू झाली. तो काळ आठवून बघा. 1972 चा दुष्काळ नुकताच सरला होता, तेल-साखर-रॉकेलची टंचाई होती, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. लाटण्याचा मोर्चा जो राग सांगत होता, त्याचं पंचायतीनं यादीत रूपांतर केलं. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा. प्रत्येकानं महिन्याची यादी भरायची. सगळ्यांची मागणी एकत्र करून पंचायत घाऊक खरेदी करणार. दुकान नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. ठरल्या दिवशी माल कुणा एकाच्या घरी उतरतो आणि संघातली माणसं यादीप्रमाणे तो वाटून घेतात.

मी गेले होते तो दिवस वाटपाचा निघाला. बहिणीच्या दिवाणखान्यात तूरडाळ, पोहे, साबण, अगरबत्ती यांचे ढीग लागलेले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यादी वाचत होते आणि डॉक्टरीणबाई साखरेचे पुडे मोजत होत्या. कुणालाच त्याचा पगार नव्हता. मला गंमत वाटली ती एवढीच की कुणी पुडा उलटसुलट करून बघत नव्हतं. जो हाताला आला तो पिशवीत.

पण तो माल सुका होता. हे मी परतीच्या गाडीत आमचं रोटेगाव स्टेशन येईपर्यंत मनात घोळवत होते. सहकारी ग्राहक चळवळीचा जन्म सांगताना इंग्लंडमधल्या रॉचडेलचं नाव घेतात. तिथं 1844 मध्ये विणकर आणि इतर कामगारांनी पैसे गोळा करून दुकान काढलं, तेव्हा फळीवर होतं काय, तर पीठ, ओटचं पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या. भेसळ नसलेलं पीठ हीच त्यांची क्रांती. पीठ चार दिवस थांबतं, मेणबत्ती तर वर्षभर थांबते. पालक थांबत नाही. हिशेब जुळेपर्यंत, सभासदाला सवड होईपर्यंत, सभेत ठराव होईपर्यंत पालक सडतो. सहकाराच्या गोष्टी आपल्याकडे ऊस, दूध आणि सुताच्या आहेत. आमच्यापासून फार लांब नाही त्या प्रवरेकाठी 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं साखर कारखाना उभा केला, त्याचे गोडवे मराठी माणूस अजून गातो. भाजीपाल्याच्या नशिबी तसं काही फारसं आलं नाही. मराठवाड्यातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याला सहकार दिसला तो प्रामुख्यानं सोसायटीच्या कर्जात.

भाजीचा रस्ता आमच्याकडे अजबच आहे. वैजापूर तालुका पर्जन्यछायेतला. कपाशी, मका, कांदा ही इथली हुकमी पिकं. भाजी होते ती विहिरीला पाणी असेल तिथं, नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचं आवर्तन पोचेल तिथं, आणि दक्षिणेला गोदाकाठी. तोडणी पहाटेची किंवा आदल्या संध्याकाळची. कॅरेट टेम्पोत चढतात आणि संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटात जातात, नाहीतर नाशिकच्या दिशेनं. तिथं लिलाव होतो, आणि त्यातलीच काही भाजी किरकोळ विक्रेत्यांच्या हातातून पुन्हा आमच्या तालुक्यात येते. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेलाय. 2025 च्या जूनमध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईही टप्प्यात आली. गोदाकाठचा टोमॅटो सकाळी मुंबईत असू शकतो आणि त्याच दिवशी वैजापुरात टोमॅटो मऊ मिळू शकतो. याबद्दल कुणाला दोष द्यावा हे मला कळत नाही. शंभर कॅरेट एका जागी, एका दिवशी, रोखीनं घेणारा माणूस वैजापुरात कुठून आणायचा?

कायद्याची आडकाठी मात्र आता नाही. 1963 च्या कायद्यानं शेतमालाची विक्री बाजार समित्यांच्या आवारात बांधली होती. 2016 च्या जुलैत राज्यानं फळं आणि भाजीपाला त्या बंधनातून काढला, आणि संत सावता माळ्यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. नाव अगदी नेमकं निवडलं. पण शेतकऱ्याला थेट विकायची मुभा मिळाली म्हणजे थेट घेणारा तयार झाला असं होत नाही. तो वेगळा घडवावा लागतो.

मुंबईत काही जणांनी तो घडवला. 2010 च्या आसपास तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून 'हरी भरी टोकरी' नावाचा उपक्रम चालू केला. आठवड्याला एक टोपली, आणि तीत काय असेल ते शेत ठरवणार. नवलकोल आला तर नवलकोल, माठ आला तर माठ. जपानमध्ये बायकांच्या दुधाच्या सामूहिक खरेदीतून 1965 साली 'सेइकात्सु क्लब' उभा राहिला, तो पुढं भाजी-तांदळापर्यंत गेला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पार्क स्लोप नावाच्या वस्तीत 1973 पासून एक सहकारी दुकान आहे, तिथं सभासदाला पाळीनं काम करावंच लागतं, मग तो प्राध्यापक असो की वकील. काम चुकवलं तर खरेदी बंद. या सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट मला दिसते. हे जमतं ते गिऱ्हाइकानं कुठं आपला वेळ सोडला, कुठं ती नख लावायची सवय, म्हणून. वेळ द्यायला माणसं तयार होतात, कारण त्यात मोठेपणा मिळतो. नख आवरणं अवघड.

आमच्या गल्लीला याचा अनुभव आला तो 2020 च्या एप्रिलात. टाळेबंदी होती, आठवडी बाजार बंद होता. गोदाकाठच्या एका गावातले दोन भाऊ, मार्केट बंद म्हणून फ्लॉवर शेतात उभा ठेवून बसलेले. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचा टेम्पो गल्लीत येऊ लागला. गर्दी करायची नव्हती, त्यामुळे प्रत्येक घराला सारखी पिशवी आणि ठरलेली रक्कम असं ठरलं. भाजी उतरायची एका जुन्या वाड्याच्या ओट्यावर, आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून तिचे वाटे करायचो. तहसीलमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी वही धरली. कुणाच्या तरी घरातून जुना तराजू निघाला, मग कुणी इलेक्ट्रॉनिक काटा आणला.

पहिल्याच आठवड्यात कुरबुर झाली. काकडी एकीला कोवळी गेली, दुसरीला जून. किडकं वांगं नेमकं कुणाच्या पिशवीत जातं यावर गल्लीत जी चर्चा झाली तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीवर होत नसेल. तोडगा काकांनीच काढला. भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही रीत सगळ्यांना माहीत. तसंच इथं. जो काटा धरेल त्यानं आपली पिशवी सगळ्यात शेवटी उचलायची. त्या दिवसापासून वाटे इतके सारखे होऊ लागले की बटाटासुद्धा मध्ये कापावा की काय असं वाटायचं.

आणखी एक झालं. जी भाजी मी कधी विकत घेतली नसती ती घरी येऊ लागली. आंबट चुका, करडईची कोवळी भाजी, घोळ. बाजारात मी ठरावीक सहा-सात भाज्यांभोवती फिरते, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाट्याला चुका आला की त्यात डाळ घालावी लागते, शेंगदाणे भिजवावे लागतात, सासूबाईंना फोन करावा लागतो. मुलांनी नाकं मुरडली आणि मग खाल्लं. वाकडी काकडी सरळ काकडीसारखीच लागते, हे सांगायला काही शास्त्रज्ञ नको.

टाळेबंदी उठली, बाजार भरू लागला, टेम्पो बंद झाला. कुणी बंद केला असं नाही. पुन्हा निवडायला मिळतंय म्हटल्यावर एकेक घर गळत गेलं.

आमच्या भागातल्या माणसांना निवड सोडता येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गंगागिरी महाराजांचा सप्ताह ज्यानं पाहिलाय त्याला ते पटणारही नाही. सरला बेटाची ही परंपरा; सप्ताह दर श्रावणात वेगळ्या गावी बसतो आणि लाखांनी माणसं जेवतात. भाकरी आजूबाजूच्या गावांतून येतात, घराघरांतून थापलेल्या, ट्रॅक्टर भरभरून. आमटी तिथंच मोठाल्या कढयांत शिजते. वाढणारे सगळे स्वयंसेवक. पंगतीत बसल्यावर समोर आलेली भाकरी बाजरीची की ज्वारीची, जाड की पातळ, कुणाच्या घरची, हे विचारणारा माणूस मी पाहिला नाही. तीच माणसं चार दिवसांनी बाजारात भेंडीचं टोक मोडतात. सप्ताहात प्रसाद असतो आणि बाजारात पैसे असतात, एवढं उत्तर मला पुरत नाही. पंगतीत उठून जायला जागा नसते आणि बाजारात शेजारच्या पालावर जाता येतं, हे जास्त खरं असावं.

या हिवाळ्यात त्या दोघा भावांतला धाकटा पुन्हा गल्लीत आला. म्हणाला, "ताई, परत सुरू करू, पण वर्षभर घेणार असाल तर. भाव मोसमाला एकदाच ठरवायचा. आवर्तन लांबलं की मे महिन्यात मी तुम्हाला कांदा, शेवगा अन् घोळच देईन. तेव्हा तोंडं वाकडी करायची नाहीत." मग त्यानं 2023 ची आठवण काढली. त्या वर्षी जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला होता, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत असा कोसळला की शेतकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला ओतला. आमचा भाव तीस रुपये ठरलेला असता असं धरा. जुलैत त्याच्या बांधावर व्यापारी नोटा घेऊन उभा राहिला असता, तेव्हा त्यानं आम्हाला तिसातच द्यायचा. सप्टेंबरात कोपऱ्यावर पाच रुपयाला मिळत असताना आम्ही त्याला तीस मोजायचे. "मी जुलैत टिकलो असतो का, ते मलाच सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुमचं सप्टेंबरचं तुम्ही बघा."

एवढं सरळ बोलणं मी कुठल्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ऐकलेलं नाही. ओट्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "आणि बाबा, कोथिंबीर? बाजारात कढीपत्ता-कोथिंबीर वरून मिळते. तुझ्याकडं तिचाही हिशेब का?" त्यानं हसून कढीपत्ता फुकट देऊन टाकला. कोथिंबिरीवर तो हलला नाही. त्याचं बरोबर होतं. वाफ्यातलं बी, पाणी आणि खुरपणी कुणी वरून देत नाही.

काकांनी तीच जुनी वही काढली. टाळेबंदीतली पानं उलटून नवीन पानावर दोन रकाने आखले: भाजी कोण घेणार, आणि रविवारी पहाटे काटा कोण धरणार. भाजीचा रकाना चहा होईपर्यंत भरला. काट्याच्या रकान्यात तिघांचीच नावं आली, त्यात एक माझं. आणि तिघांतला एकजण सही करता करता विचारत होता, शेवटची पिशवी उचलायचा नियम तेवढा बदलता येईल का.