साठ ध्रुव

आजी सांगायची, ध्रुवबाळाने घोर तप केलं तेव्हा कुठे त्याला अढळपद मिळालं. आता नुसतं टेंडर भरलं की झालं! १९६८ साली पीटर ग्लेझर यांनी अवकाशातल्या वीजघराची कल्पना मांडली. पुढे अमेरिकेत आराखडा झाला : ६० उपग्रह, एकेक सुमारे १० किलोमीटर लांब नि ५ रुंद, ३६ हजार किलोमीटर उंचीवर. रात्रीही उन्हात चमकणारे आणि जागचे न हलणारे! अजून ते वर चढलेले नाहीत. पण चढले, की शेजारचे फिके तारे दिसेनासे होणार.

"पण दिवे तर जाणार नाहीत ना?" सौ. म्हणाली.

तेवढ्यात दिवे गेले. आम्ही गच्चीवर आलो. ध्रुव जागेवर होता. सौ. बराच वेळ वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मेणबत्त्या आहेत हो घरात."